स्ट्रीट डिझाइनमध्ये नवीन आहात? मग नुसत्या सेक्शनवर भाळू नका

फुटपाथ, कॅरेजवे, कर्ब, बफर हे सगळं तुमचं कॉलेजात झालेलं असणार, ते परत उगाळत नाही. मला बोलायचंय ते पार्किंग आणि सायकल ट्रॅक शेजारी-शेजारी येतात त्याबद्दल. इथे भलेभले गंडतात, आणि मी अजूनही ड्रॉइंग सबमिट करायच्या आदल्या रात्री प्रत्येक चौक परत उघडून बघते, झोपच लागत नाही त्याशिवाय.

होतं काय, की आपण सगळे आधी क्रॉस-सेक्शन काढतो, म्हणजे रस्ता आडवा कापला तर काय-काय दिसेल ते चित्र. फुटपाथ, मग २ मीटरचा ट्रॅक, मग बफर (मधली मोकळी पट्टी), मग उभ्या गाड्या आणि त्यापलीकडे ट्रॅफिक. गाड्यांची भिंतच झाली ना मध्ये, सायकलवाला एकदम सेफ! स्ट्रीटमिक्स या ऑनलाइन टूलवर तर हे अर्ध्या तासात होतं आणि दिसतंही झकास. पण तो सेक्शन दोन चौकांच्या मधला असतो, जिथे कोणी वळतच नाहीये. वळणाऱ्या गाडीची आणि सायकलची गाठ पडते चौकात नाहीतर गेटपाशी, आणि नेमकी तिथेच तुमची ती भिंत आड येते. ड्रायव्हरला सायकल दिसत नाही, सायकलवाल्याला गाडी दिसत नाही, आणि दोघांनाही वाटतं की आपलाच रस्ता मोकळा आहे.

आकडे घालून बघा म्हणजे पटेल. सायकल ताशी १८ किमीने येतेय, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ड्रायव्हरला बघून ब्रेक मारायला दोन सेकंद तरी द्याल ना? म्हणजे सायकल क्रॉसिंगपासून १० मीटर मागे असतानाच ती दिसायला हवी. उभी कार साधारण ४-५ मीटर लांब, म्हणजे चौकाला लागून असलेले दोन स्लॉट उडवायलाच हवेत, आणि ई-बाइक धरली तर दोनही पुरत नाहीत. कोपऱ्याजवळचे स्लॉट काढून नजर मोकळी करणं, याला डेलायटिंग म्हणतात. अमेरिकेतल्या होबोकेनने हे शहरभर केलं आणि २०१७ नंतर सलग अनेक वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. एकट्या डेलायटिंगने नाही, स्पीड लिमिटही उतरवली होती, पण तरीही.

बफरचंही तेच. गाडीचं दार उघडलं की मीटरभर जागा खातं, तेव्हा ०.६ मीटरच्या आत बफर देऊच नका आणि जमलं तर ०.९ द्या. बफर नाही बसत? मग पार्किंग काढा, ट्रॅक चेपू नका.

आता स्लॉट काढले की ओरडा होणार, होतोच, घाबरून जाऊ नका. भांडायला जायच्या आधी ऑक्युपन्सी सर्व्हे करा, म्हणजे कुठली जागा किती वेळ भरलेली असते ते मोजा, तोही स्वतः चालत. अर्ध्या-अर्ध्या तासाने नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहून घेतले की कुठली गाडी सकाळपासून हललेलीच नाही ते आपोआप कळतं, आणि बऱ्याचदा त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतातच. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी सांगितलेला ८५ टक्क्यांचा हिशोब लक्षात ठेवा: साधारण सातातली एक जागा रिकामी राहील असा पार्किंगचा दर ठेवायचा, म्हणजे जागा शोधत घिरट्या घालणं कमी होतं. फुकट पार्किंग ठेवून वर जागा कमी पडते म्हणून रडण्यात काही अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत.

सीनियर निवडताना एकच बघा, तो साइटवर सायकल चालवतो का. जो फक्त गाडीतून साइट दाखवतो त्याच्याकडून ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) शिका, बाकी नको. जुन्या प्रोजेक्टचा टिपिकल चौक कॉपी-पेस्ट करणं तर सरळ बंदच करा, कारण प्रत्येक चौकाचा कोन वेगळा असतो.

सुरुवातीला सगळं निसटतंय असं वाटेल, ते ठीक आहे, हळूहळू नजर बसते. फक्त रिकाम्या केलेल्या कोपऱ्यावर नुसता पेंट मारून थांबू नका, तिथे लगेच कोणीतरी गाडी लावतंच. बोलार्ड (गाडी अडवणारे छोटे खांब) टाका नाहीतर सायकल स्टँड बसवा, आणि लँडस्केपवाल्याला झाडं लावायचीच असतील तर ६० सेंटीमीटरच्या वर जाणारं काही नको म्हणून ड्रॉइंगवरच लिहून द्या.