नर्मदा परिक्रमेचं सामान घेताना या चुका टाळा

चातुर्मास संपत आला की नागपुरातल्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. "यंदा परिक्रमा उचलतोय भाऊ, काय काय घेऊ?" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते: साठ लिटरची सॅक, तंबू, गॅसची शेगडी, घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट. यादी हिमालयातल्या ट्रेकची असते आणि जायचं असतं नर्मदेकाठी. तिथे बहुतेक टप्प्यांवर आश्रम, धर्मशाळा, देवळं भेटतात. सदाव्रतात, म्हणजे अन्नदानाच्या ठिकाणी, शिधा मिळतो, रात्री डोक्यावर छप्पर मिळतं. नदी १३१२ किलोमीटरची, म्हणजे दोन्ही तीर धरून २६०० च्या पुढेच चालायचं. एवढं अंतर तंबू आणि शेगडी पाठीवर वाहायची कशाला? तो पैसा आणि ती काळजी पायांवर खर्च करा.

बूट

वॉटरप्रूफ बूट ऐकायला चांगले वाटतात. पण दुपारच्या उन्हात पायाचा घाम आतच कोंडतो, कातडी भिजून मऊ पडते आणि तिच्यावर मोजा घासला की फोड येतो. पहिल्या वर्षी जबलपूरच्या ग्वारीघाटावरून निघालो तेव्हा माझ्या पायात असेच बूट होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजा काढला, तर टाचेची कातडी मोज्यासोबत निघून आली. खाली रुपयाएवढा लाल, ओला चट्टा. आश्रमातल्या माताजींनी काही न विचारता कोमट पाण्याची परात पुढे ठेवली. पुढचे चार दिवस मी तिथेच होतो.

हवा खेळेल असे जाळीचे, हलके बूट घ्या. दुकानात संध्याकाळीच जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. चालताना घालणार तेच मोजे घालून बघा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा नंबर घ्या. मोजे निव्वळ सुती नकोत, ते ओले झाले की ओलेच राहतात. सोबत मागे पट्टा असलेली चांगली सँडल हवीच. देऊळ, घाट, आश्रम असं करत दिवसातून दहा वेळा पायताण काढावं लागतं आणि दर वेळी लेस सोडत बसलात तर वैतागून जाल.

नवे बूट घालून थेट परिक्रमेला निघू नका. अंबाझरी तलावाभोवतीच्या सकाळच्या फेऱ्यांनी बुटाची खरी परीक्षा होत नाही. भरलेली सॅक पाठीवर घेऊन नागपूर ते रामटेक दोन दिवसांत चालून बघा. पन्नासेक किलोमीटरमध्ये बूट कुठे चावतो, पट्टा कुठे रुततो, सगळं कळतं. जाताना पायात एका जागी चटका बसल्यासारखं वाटलं तर "पुढच्या गावात बघू" म्हणू नका. तिथेच थांबा, पाय कोरडा करा आणि त्या जागेवर मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी लावा. उतारावर बोटं पुढे आपटत असतील तर वरच्या दोन भोकांतली लेस घट्ट करा, म्हणजे टाच मागे धरून राहते.

सॅक

खांदे दुखतात म्हणून लोक सॅक बदलतात. बहुतेक वेळा दोष कंबरपट्ट्याच्या जागेचा असतो. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. आधी तो आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा. तरीही भार खांद्यावरच येत असेल, तर ती सॅक तुमच्या पाठीच्या लांबीची नाही. म्हणून नागपुरात बर्डीच्या बाजारात किंवा कुठेही घ्या, दुकानदाराला आत पाच-सहा किलो वजन भरायला सांगा आणि दहा मिनिटं फिरा. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

पस्तीस-चाळीस लिटर पुरते. मोठी घेतली की ती भरल्याशिवाय राहवत नाही. निघायच्या आठवडाभर आधी सगळं सामान गच्चीवर मांडा, मग भरलेली सॅक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. माझी पहिली चौदा किलो भरली होती, आता सात भरते. तिसरी पँट, दुसरी पॉवर बँक, जाड टॉवेल, "लागलं तर" म्हणून घेतलेली औषधांची अख्खी पेटी, हे सगळं गेलं. टॉवेलऐवजी पंचा घ्या. तासाभरात वाळतो.

थंडी

इथे नागपूरकर हमखास चुकतात. मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा अंगात मुरलेला, त्यामुळे थंडीची तयारी अर्धवट राहते. नर्मदेचा उगम जिथे होतो ते अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. पौषातली रात्र तिथे हाडात शिरते. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर दोन तापमानं असतील तर दुकानदार कमी आकडा दाखवतो. तुम्ही आरामदायक झोपेचा आकडा बघा. त्याहूनही महत्त्वाची फोमची चटई. आश्रमाच्या फरशीवर थंडी खालून चढते आणि अंगाखाली दबलेली बॅग ती अडवत नाही.

खाणं

घरचे लोक प्रेमाने चिवडा, लाडू, संत्रा बर्फी भरून देतात. नाही म्हणणं जड जातं, पण म्हणा. मूठभर फुटाणे, गूळ, थोडं सातूचं पीठ बस्स. शिधा कच्चा मिळतो, म्हणून एक लहान पातेलं मात्र हवं. साखर आणि मीठ वेगळ्या पुड्यांत ठेवा. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका.

पाण्यापासून बचाव

सॅकच्या बाहेरच्या रेनकव्हरवर भरवसा नको. पाणी पाठीच्या बाजूने शिरतं. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि कपडे तिच्यात ठेवा. आधार कार्ड आणि ठिकठिकाणचे शिक्के घ्यायचं परिक्रमेचं पत्र वेगळ्या पिशवीत, छातीजवळ. दक्षिण तीर संपला की नदीच्या मुखाजवळच्या विमलेश्वराकडून उत्तर तीरावरच्या मिठी तलाईपर्यंत खाडीतून नावेने जावं लागतं. काही तासांचा तो प्रवास असतो, लाटांचं खारं पाणी अंगावर येतं आणि सॅक नावेच्या तळाशी पडलेली असते. त्यासाठी दोन जादा पिशव्या नागपुराहून निघतानाच सॅकच्या तळाशी घडी करून ठेवा.