आमदारांच्या विधेयकाचा माग काढताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका आमदारांच्या सभागृहातील भाषणाची चित्रफीत गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आली. रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) तुरीची नासाडी केल्याचा विषय होता, भाषण जोरकस होते आणि शेजारचे एक काका ते पाहून ‘झाला ना बाप्पा आता कायदा’ असे म्हणून मोकळे झाले. मी वाचनालयाच्या वहीत ‘आमदारांनी विधेयक मांडले’ अशी नोंद केली आणि पुढचे जवळपास वर्षभर, जे विधेयक कधी अस्तित्वातच नव्हते, त्याचा शोध घेत राहिलो. ती लक्षवेधी सूचना होती, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्याची रीत. मंत्र्यांनी उत्तर दिले, निवेदन झाले आणि विषय तिथेच संपला.

ही चूक मी एकट्यानेच केली असे नाही. वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर ती सर्रास होते. आमदार सभागृहात ‘विषय मांडतात’ तेव्हा तो तारांकित प्रश्न असू शकतो, लक्षवेधी असू शकते, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा किंवा अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचा) ठरावही असू शकतो. यांपैकी एकाही मार्गाने कायदा होत नाही. ठराव संमत झाला तरी ती शासनाला केलेली शिफारस ठरते. विधेयक ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याला क्रमांक असतो, त्याची छापील प्रत असते आणि त्या प्रतीत ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते. हे निवेदन दाखवता येत नसेल, तर समोर आलेली गोष्ट भाषण आहे असे समजावे.

त्याच निवेदनाखाली कोणाचे नाव आहे हे न पाहणे, ही दुसरी चूक. शासकीय विधेयकावर मंत्र्यांचे नाव असते आणि अशासकीय विधेयकावर ‘प्रभारी सदस्य’ म्हणून त्या आमदारांचे. चौकातील फलकावर ‘आमदारसाहेबांच्या पाठपुराव्याने कायदा’ असे लिहिलेले असते, ते पुष्कळदा खरेही असते. परंतु पाठपुरावा करणे आणि विधेयक मांडणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि नोंदवहीत त्यांचे रकाने वेगळे ठेवले पाहिजेत. उलट बाजूने, आपले आमदार मंत्री झाले असतील तर त्यांच्या नावावर अशासकीय विधेयक शोधू नये, कारण मंत्र्यांना ते मांडता येत नाही. त्यांचे काम त्यांच्या विभागाच्या विधेयकांत शोधावे लागते.

अशासकीय विधेयकाकडून अपेक्षाही बेताचीच ठेवावी. संसदेत स्वातंत्र्यानंतर केवळ १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतील शेवटचा १९७० सालचा आहे. राज्याच्या विधानमंडळात अशा कामकाजासाठी शुक्रवार राखलेला असतो. नागपूरचे २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे चालले, म्हणजे त्यात शुक्रवार एकच आला. त्या एका दुपारी किती आमदारांची किती विधेयके चर्चेला येतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. म्हणून ‘विधेयक अजून तिथेच आहे’ एवढ्यावरून आमदारांनी काही केले नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. त्यांनी ते का मांडले आणि चर्चेत मंत्र्यांकडून काय वदवून घेतले, हे अधिक महत्त्वाचे असते.

माग सुटतो तो बहुतेक वेळा नावामुळे. ग्रामपंचायतीच्या कायद्यात दुरुस्ती करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विधेयकाचे नाव ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत (सुधारणा) विधेयक’ असेच असते, फरक फक्त वर्षाचा. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. एवढ्या एका प्रश्नावर जवळपास सारख्या नावाचे कागद हाती येतात आणि चुकीचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवला की पुढे वाद होतात. शिवाय मूळ कायद्याच्या नावातील वर्ष आणि क्रमांकातील वर्ष एकच असेल असेही नाही. जुने लोक ज्याला मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात, त्याच्या नावात १९५८ आहे, पण तो १९५९ चा अधिनियम क्रमांक ३ आहे. त्यामुळे नोंद नावाने करू नये. ‘सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक तमुक’ ही पूर्ण ओळ उतरवून घ्यावी. विधानसभा की विधानपरिषद हा शब्द त्यात गाळू नये, कारण दोन्ही सभागृहांच्या क्रमांकांची मालिका स्वतंत्र असते. पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेल्या आमदारांचे विधेयक विधानसभेच्या यादीत शोधत बसणारे लोक मी पाहिले आहेत. कायदा झाल्यावर त्याला महाराष्ट्र अधिनियम म्हणून वेगळाच क्रमांक मिळतो, तोही त्याच ओळीपुढे लिहावा.

संगणकावर शोधूनही विधेयक सापडत नसेल, तर ते नाहीच असे लगेच मानू नये. पुष्कळ जुन्या प्रती म्हणजे कागदाची छायाचित्रे असतात आणि त्यांतील अक्षरे शोधयंत्राला दिसत नाहीत. ‘पुरःस्थापित’ (सभागृहात मांडलेले) या शब्दात कोणी विसर्ग टंकतो, कोणी त्याऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबे देतो, आणि मग नेमक्या याच शब्दाने घेतलेला शोध रिकाम्या हाती परततो. इंग्रजी प्रतीवर क्रमांक रोमन अंकांत असतो, म्हणजे ३३ ऐवजी तेथे तीन एक्स आणि तीन आय दिसतात. अशा वेळी शब्द सोडून तारीख धरावी: विधानमंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या कामकाजाचा क्रम पाहावा आणि मग राजपत्राचे असाधारण अंक चाळावेत. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर विधानमंडळ सचिवालयाकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. अर्जात मात्र ‘आमच्या आमदारांनी आजवर काय काय केले’ असे मोघम विचारू नये. अधिवेशन, सभागृह आणि सदस्याचे नाव देऊन ‘पुरःस्थापित केलेल्या अशासकीय विधेयकांची यादी व प्रत्येकाची सद्यःस्थिती’ एवढेच मागावे.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. वर्तमानपत्रात ‘विधेयक मंजूर’ असे छापून आले की लोक कायदा झाला असे धरून चालतात. खरे तर बातमी एका सभागृहाची असते, दुसरे सभागृह बाकी असते. दोन्हीकडे संमत झाले तरी राज्यपालांची अनुमती बाकी असते. आणि राज्यपाल ते विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखूनही ठेवू शकतात. महिला व बालकांवरील अत्याचारांबाबतचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. तरीही राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने तो कायदा अमलात आला नाही. आमच्या रानडुकरांच्या विषयालाही ही अडचण लागू पडते. वन्यजीव संरक्षण हा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, विषय आहे आणि त्यावर १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्याशी विसंगत असा राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या अनुमतीवाचून टिकत नाही. विधेयकामुळे राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल, तर त्यावर विचार करण्याची राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय सभागृहाला ते संमत करता येत नाही. म्हणून शेवटच्या पानांवरील वित्तीय ज्ञापन (खर्चाची टीप) वाचावे, कारण विधेयक अडण्याचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते.

अनुमती मिळून राजपत्रात छापून आल्यावरही पहिले कलम पाहावे. ‘राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या तारखेस अमलात येईल’ असे तेथे असेल, तर ती अधिसूचना निघेपर्यंत तहसीलमध्ये जाऊन भांडण्यात अर्थ नाही. अध्यादेशाचे याच्या उलट असते. तो प्रख्यापित (जारी) होताच लागू होतो, पण विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी आपोआप संपतो. त्याची जागा घेणारे विधेयक आले की नाही, हे पाहणे विसरू नये.

विधेयक व्यपगत होण्याचा (आपोआप रद्द होण्याचा) नियमही नीट समजून घ्यावा. अधिवेशन संस्थगित झाल्याने (संपवल्याने) विधेयक मरत नाही. पण विधानसभा विसर्जित झाली की तेथे प्रलंबित असलेले, तसेच तेथून संमत होऊन परिषदेत अडकलेले विधेयक व्यपगत होते. परिषदेतच मांडलेले आणि विधानसभेने अद्याप संमत न केलेले विधेयक मात्र वाचते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, निवडणुकीनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपुरात ते नव्याने मांडावे लागले, संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. ज्यांच्या वहीत फक्त नाव होते, त्यांना ही दोन विधेयके एकच वाटली.

एक नोंद बहुतेकांच्या वहीत नसते. अशासकीय विधेयकावर मंत्री आश्वासन देतात आणि सदस्य विधेयक मागे घेतात. ‘मागे घेतले’ असे लिहून पान उलटणे बरोबर नाही, कारण सभागृहात दिलेल्या आश्वासनांची पूर्तता झाली की नाही हे पाहण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते. कार्यवाहीतून मंत्र्यांचे वाक्य तारखेसह जसेच्या तसे उतरवून घ्यावे. माझ्या वहीत आता विधेयकाच्या प्रत्येक पानावर शेवटचा रकाना आश्वासनाचा आहे; रानडुकरांच्या त्या जुन्या पानावर ‘विधेयक’ हा शब्द खोडून ‘लक्षवेधी’ लिहिले आहे आणि त्याच रकान्यात मंत्र्यांचे निवेदन चिकटवून ठेवले आहे.