लेजरमध्ये स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट टाकायचंय? थांबा, लगेच व्हीएम लिहायला बसू नका

स्वतःचं लेजर, म्हणजे सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकसारखी राहणारी हिशोबाची वही, बनवलं आणि त्याच्यात कॉइन इकडून तिकडे जायला लागले की आठवड्याभरात कोणीतरी पोट्टा म्हणतोच, चल बे, आता याच्यात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (अट पूर्ण झाली की आपोआप पैसे सोडणारा कोड) टाकू. आणि मंग सगळे थेट व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे तो कोड चालवणारं इंजिन, लिहायला बसतात. आम्ही पण बसलो होतो, चौघं जण, मे महिन्यात, कूलरसमोर, आणि अख्खा महिना घालवला, म्हणून हे लिहून राहिलो.

आधी सौदा कागदावर लिहा, साध्या मराठीत. नागपूरच्या कळमना बाजारातला संत्र्याचा व्यवहार घ्या. व्यापाऱ्यानं आंबिया बहाराच्या मालासाठी ५०,००० टोकन बाजूला काढून ठेवले. माल उतरला आणि दोघं राजी असले तर पैसे शेतकऱ्याला, भांडण झालं तर अडत्या ज्याच्या बाजूनं सही करेल त्याला, आणि ३१ डिसेंबरपर्यंत काहीच झालं नाही तर व्यापाऱ्याला परत. आता बघा याच्यात लागलं काय? तिघांपैकी दोघांच्या सह्या आणि एक तारीख. बस. याच्यासाठी व्हीएम कशाला पाहिजे?

एवढंच काम असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे लेजरमध्येच एक नवीन पक्का व्यवहार-प्रकार टाकायचा, एस्क्रो नावाचा. एक्सआरपी नावाच्या कॉइनच्या लेजरमध्ये २०१७ पासून असंच आहे, पैसे अडकवा, अट पूर्ण झाली की सोडवा, मुदत गेली की रद्द करा. कोड कमी, टेस्ट करायला सोपं. फक्त नवीन प्रकारचा सौदा आला की सगळ्या नोडवाल्यांना (ज्यांच्या कॉम्प्युटरवर लेजर चालते त्यांना) राजी करावं लागते, एक्सआरपीत तर असा बदल लागू व्हायला ८० टक्क्यांच्या वर व्हॅलिडेटरचा (मत देणाऱ्या नोडचा) पाठिंबा सलग दोन आठवडे टिकावा लागतो. आमच्याकडे चारच नोड, त्यातला एक भाऊ फोनच उचलत नाही, तरी तेवढाच त्रास होते.

दुसरा रस्ता बिटकॉइनचा. तिथं प्रत्येक नाण्यालाच एक छोटी स्क्रिप्ट चिकटलेली असते, की हे नाणं कोण आणि कधी खर्च करू शकते. आपला संत्र्याचा सौदा त्याच्यात असा बसतो: इफ, २, तिघांच्या चाव्या, ३, चेकमल्टिसिग, एल्स, तारीख, चेकलॉकटाइमव्हेरिफाय, ड्रॉप, व्यापाऱ्याची चावी, चेकसिग, एंडइफ. म्हणजे एक तर तिघांपैकी दोघांच्या सह्या, नाहीतर तारीख उलटली की एकट्या व्यापाऱ्याची सही. मधातला तो ड्रॉप काहून आहे ते समजून घ्या, मजा आहे त्याच्यात. तारीख तपासणारा चेकलॉकटाइमव्हेरिफाय हा ऑपकोड (स्क्रिप्टमधली एक आज्ञा) २०१५ मध्ये आला, पण सॉफ्ट फोर्कनं, म्हणजे जुन्या नोडला जो ऑपकोड 'काहीच करू नको' असा माहीत होता त्यालाच नवीन काम दिलं. जुना नोड त्या जागी स्टॅकला (स्क्रिप्ट आकडे जिथं एकावर एक रचते त्या थप्पीला) हातच लावत नाही, म्हणून नवीन ऑपकोडलाही स्टॅकवरून तारीख उचलता येत नाही, ती तिथंच पडून राहते आणि आपल्याला ड्रॉपनं काढावी लागते. जुन्यांना न दुखवता नवीन गोष्ट कशी घुसवायची हे शिकायचं असेल तर हीच जागा पाहा.

या स्क्रिप्टमध्ये लूपच (तेच काम परत परत करणं) नाही, म्हणून ती अडकून बसत नाही. पण तिला आठवण पण नाही. बारा जणांची भिशी, कोणाचा हप्ता आला, कोणाची उचल झाली, हे ठेवायला गेलात की फेफे उडते.

मंग येते खरी व्हीएम, इथेरियम या दुसऱ्या चेनसारखी, जी ३० जुलै २०१५ ला चालू झाली. खाती, त्यांची साठवण, लूप, सगळं. लूप आला म्हणजे कोणीतरी न थांबणारा लूप टाकणारच, म्हणून प्रत्येक पायरीला गॅस (कामाचं मीटर, त्याच्यावरच फी लागते) मोजावा लागते. ईव्हीएममध्ये, म्हणजे इथेरियमच्या व्हीएममध्ये, बेरजेला ३ गॅस, आणि रिकाम्या जागी नवीन आकडा लिहून ठेवायला २०,००० च्या वर, कारण तो आकडा प्रत्येक नोडला सांभाळत बसावा लागते. गॅस मध्येच संपला तर केलेलं सगळं उलटवायचं, फी मात्र परत द्यायची नाही.

आमचं गाडं इथं नाही, घड्याळात अडकलं. भिशीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मी मशीनचा टाइम वाचला होता. माझा लॅपटॉप धरमपेठेत, चार मिनिटं पुढं, दुसरा मानेवाड्यात. माझ्या नोडनं एकाला उशिराचा दंड लावला, तिकडच्यानं नाही लावला, लेजरचे झाले दोन तुकडे. म्हणून वेळ घ्यायची ती ब्लॉकमधूनच (व्यवहारांचा तो गठ्ठा, जो सगळ्या नोडकडे एकच असते). आणि दशांशाचे आकडे (फ्लोट) बंद, सगळा हिशोब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात. स्वतःची व्हीएम लिहिण्यापेक्षा तयार वॅझम (वेबअसेंब्ली, तयार मिळणारी व्हीएम) घेतलेलं बरं, स्टेलर नावाच्या चेननं फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉन्ट्रॅक्टसाठी सोरोबान आणलं ते त्याच्यावरच आहे, आणि तिथंही फ्लोटला परवानगी नाही.

अजून एक, भिशीत नोट हातात द्यायच्या आधी वहीत उचल मांडतात ना, तसंच कोडमध्ये करा. जून २०१६ मध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या फंडातून जवळपास ३६ लाख इथर (इथेरियमचं नाणं) गेले ते याच चुकीनं, पैसे आधी पाठवले आणि शिल्लक नंतर कमी केली, तेवढ्यात घेणारा परत परत मागत राहिला. ते निस्तरायला अख्ख्या चेनला नवीन फाटा (फोर्क) काढावा लागला आणि न मानणाऱ्यांची इथेरियम क्लासिक वेगळी झाली.

मेन लेजरला हातच लावायचा नसेल तर साइडचेन (बाजूला जोडलेलं वेगळं लेजर) आहे. बिटकॉइनवाल्यांची रूटस्टॉक जानेवारी २०१८ पासून चालू आहे, इकडं नाणं अडकवायचं, तिकडं कॉन्ट्रॅक्ट चालवायचे. पण अडकवलेल्या नाण्याच्या चाव्या एका मंडळाकडे असतात, म्हणजे भरवसा ठेवणं आलंच. लहान लेजरला मला हे झेपण्यासारखं वाटत नाही.

आणि माल खरंच उतरला का, हे यातल्या एकाही पद्धतीला कळत नाही. काट्याची पावती कोणीतरी माणूसच टाकणार. म्हणून एकाच्या नाही, दोन-तीन जणांच्या सह्या मागा.

आमच्याकडे आता एस्क्रो आणि मल्टिसिग (एकापेक्षा जास्त सह्या) एवढेच चालू आहेत, भिशी वॅझमवर टेस्टनेटमध्ये (चाचणीच्या लेजरवर) आहे. टोकन सगळे खोटेच, खऱ्यात उतरलं की नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि १ टक्का टीडीएसचं लफडं. तुम्ही चालू करायच्या आधी एक करा: दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नोड लावा, एकाचं घड्याळ मुद्दाम तासभर मागं करा, पहिल्या ब्लॉकपासून सगळं परत चालवा आणि प्रत्येक ब्लॉकनंतर दोन्हीकडच्या सगळ्या खात्यांचा हॅश (डेटाचा ठसा) जुळवा. ज्या ब्लॉकला जुळत नाही तिथूनच शोधायला लागा.