मुलाने ‘पुरे’ म्हटलं की ताट उचला

वजन वाढू नये म्हणून मुलांना डाएट लावू नका. घरात काय येतं आणि ताटात कधी येतं, हे आपण ठरवायचं. किती खायचं, ते मुलाने.

सुरुवात किराणाच्या यादीपासून. बिस्किटांचे मोठे पुडे, कोल्ड्रिंक, डबाबंद ज्यूस आणूच नका. साध्या कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. शाळेतून आल्यावरची भूक खरी असते. त्या वेळी पेरूच्या फोडी, फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा गरम थालीपीठ तयार हवं.

अवघड आहे ते पुढचं. माझ्या लेकीला मी ‘काऊचा घास, चिऊचा घास’ करत भरवलं, पुढे मोबाइल समोर धरून. ती तोंड फिरवायची, मी हनुवटी धरून वळवायचे. वरणभाताची वाटी चाटूनपुसून संपली की मला समाधान. सहाव्या वर्षी डॉक्टरांनी बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा तक्ता पुढे केला, तर तिचा ठिपका सगळ्यात वरच्या रेषेपलीकडे. पोट भरल्याचं तिला कळत होतं. ते ऐकायची तिची सवय मी मोडली होती.

ती परत लावायला वर्ष गेलं. वाटी लहान घ्या. थोडंच वाढा, मागितलं तर पुन्हा वाढा. ‘पुरे’ म्हटलं की ताट उचला, दोन घास उरले तरी. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे तर मुळीच नको. त्याने भाजी शिक्षा ठरते. पहिले काही दिवस मूल अर्धवट उठेल आणि तासाभरात खाऊ मागेल. तेव्हा बिस्किट दिलंत की सगळं मुसळ केरात. पुढचं खाणं ठरल्या वेळीच.

‘पोर वाळलं’ म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका. खाऊ देण्याचा मान तिचाच ठेवा, खाऊ बदला. आमच्याकडे सासूबाई नातीला घेऊन भुईमुगाच्या शेंगा सोलत बसतात. एकेक शेंग सोलून खाताना घाई होत नाही. आणि ‘जाड्या’, ‘ढोली’ असं पाहुण्यांनी म्हटलं तरी तिथल्या तिथे थांबवा.

जेवताना टीव्ही बंद, बाबांचाही. रोज तासभर मैदान. वेळेवर झोप.

दर सहा महिन्यांनी उंची-वजन मोजून इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यावर ठिपका काढून घ्या. उंची वाढत असताना वजन तेवढंच राहिलं, तरी ठिपका खाली सरकतो.