कंपनीच्या कामाने नाशिकला जाताय? हॉटेलचा फुकट ब्रेकफास्ट सोडा

आधीच सांगते, मी नाशिकची नाही. पुण्यात राहते, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या सर्व्हिसला आहे, आणि गेली सहा वर्षं महिन्यातून एकदोनदा अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत फेरी असते, कधी सिन्नर, क्वचित गोंदे. पहिलं दीड वर्ष मी नाशिकमध्ये काय खाल्लं विचाराल तर पनीर बटर मसाला. संध्याकाळी सात-साडेसातला साइटवरून सुटायचं, अंगाला कुलंटचा, म्हणजे मशीन गार ठेवायच्या द्रवाचा वास, अंघोळ करून बाहेर पडायचा कंटाळा, मग रूम सर्व्हिसचं ते प्लास्टिक लावलेलं मेनूकार्ड उघडायचं आणि डोळे मिटून तेच सांगायचं. सकाळी बुफेमध्ये गार इडली आणि टोस्ट. मग एकदा अंबडला एका ऑपरेटर दादांनी विचारलं, मॅडम मिसळ कुठली आवडली तुम्हाला, आणि मी म्हटलं अजून खाल्लीच नाही. तो माणूस माझ्याकडं असा बघत राहिला की मशीनपेक्षा माझीच सर्व्हिसिंग बाकी आहे.

तेव्हापासून जे काही चुकत चुकत शिकले ते लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं हे की नाशिकला बाहेर खायची खरी वेळ सकाळ आहे. आपण कामाला जाणारी माणसं उलटं करतो, सकाळ घाईत घालवतो आणि रात्री दमून काहीतरी भारी शोधत फिरतो. नाशिकला सकाळी भरपूर खा, दुपारी कामापुरतं, आणि संध्याकाळ हलकी ठेवा. हे एकदा जमलं की बाकीचं आपोआप जमतं.

म्हणून रूम बुक करतानाच ब्रेकफास्टसकट पॅकेज घेऊ नका. ब्रेकफास्टचे पैसे आधीच गेलेले असले की माणूस बाहेर जातच नाही, मी स्वतः गेले नाही. आणि हॉटेल कुठल्या बाजूला घ्यायचं हेही त्यावरच ठरवा. काम अंबडला असेल तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, मुंबई नाका ही बाजू सोयीची. सातपूरला असेल तर त्र्यंबक रोड, कॉलेज रोड, गंगापूर रोड. स्टेशनजवळ राहू या असं वाटत असेल तर लक्षात घ्या की नाशिक रोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नाही, सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्टँडपासून ते नऊ-दहा किलोमीटर लांब आहे, ट्रेनने येणारे बरेच जण इथंच फसतात. आणि आता सिंहस्थ २०२७ चा, त्याची कामं आणि गर्दी दोन्ही धरून चाला आणि रूम आधीच बघून ठेवा.

आता मिसळ. चुलीवरची मिसळ म्हणून साधनाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, गंगापूर-सातपूर लिंक रोडला बारदान फाट्याकडं. मखमलाबादच्या बाजूला ग्रेप एम्बसी, द्राक्षाच्या मळ्यात बसून खायची. सातपूरला श्यामसुंदर, पंचवटीत अंबिका. कुठली भारी यावर नाशिककर भावाभावांत बोलणं बंद होईल इतकं भांडतात, त्यात मी पडत नाही, पण कामावर जाणाऱ्यासाठी माझा नियम साधा आहे. वीकडे असेल आणि साइट सातपूरला असेल तर मळ्यातल्या मोठ्या जागी जा, कारण तेव्हा लगेच टेबल मिळतं. शनिवार-रविवार तिकडं फिरकू नका, मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि तुमचा नंबर येईपर्यंत क्लायंटचे तीन मिसकॉल होतात. आणि नऊला गेटवर पोचायचं असेल तर लांबच्या मोठ्या नावामागं न लागता साइटच्या वाटेवरची कुठलीही जागा धरा जिथं आठच्या आत बाहेर बाइका लागलेल्यात आणि आतली माणसं युनिफॉर्ममध्ये आहेत. मला आजवर एकदाही वाईट मिसळ अशा जागी मिळालेली नाही.

खायची पद्धत सांगते कारण मी पहिल्यांदा माती खाल्ली होती. ताटात मटकी आणि वर शेव असलेली वाटी येते, बाजूला रस्सा वेगळा, पाव, पापड, कांदा-लिंबू, बऱ्याच ठिकाणी दही, कुठंकुठं जिलेबीसुद्धा. मी शहाणपणा करून सगळा रस्सा एकदम ओतला. दोन मिनिटांत शेवेचा लगदा झाला, वर लाल तेलाचा थर आणि खाली सगळं पीठ. शेजारच्या टेबलावरच्या काकांना राहवलं नाही, म्हणाले, "ताई, थोडा थोडा घ्यायचा, पळून जात नाही तो." तर तसं करा. दोन डाव रस्सा, चार घास, परत दोन डाव. रस्सा संपला की परत मागायचा, लाजायचं नाही, वाढपी स्वतःच किटली घेऊन फिरत असतो. पापड चुरून वरून टाकायचा की रश्शात बुडवून खायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. दही शेवटपर्यंत राखून ठेवा, ते विझवायला असतं. काळ्या मसाल्याचा रस्सा दिसायला साधा असतो आणि तिखट मागून चढतं, त्यामुळं पहिल्या दोन घासांवर विश्वास ठेवू नका. आणि त्या दिवशी पांढरा शर्ट घालू नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, मी एकदा खिशावर तर्रीचा नकाशा घेऊन प्लांट हेडसमोर उभी होते.

मिसळीचा कंटाळा आला तर एखाद्या सकाळी लवकर उठून जुन्या नाशकात जा. सराफ बाजाराच्या बाजूची बुधा हलवाईची जिलेबी, आणि मेन रोडकडं सायंतारा, तिथला साबुदाणा वडा. गाडी घेऊन आत शिरू नका, ते गल्लीबोळ आपल्यासाठी बनलेले नाहीत, रिक्षाने जा नाहीतर सिटीलिंकची बस, शालिमारला उतरा आणि चाला.

दुपारचं थोडक्यात. कँटीन असेल तर कँटीनलाच जेवा, तिथंच कोण कुठं खातं हे कळतं. नसेल तर एमआयडीसीच्या आसपास घरगुती खानावळी असतात. अंबडला लागून जे सिडको आहे तिथं खानदेशातली आणि कसमादेतली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) खूप माणसं येऊन राहिलीत, त्यामुळं शेवभाजी, थंडीत वांग्याचं भरीत आणि नशीब असेल तर कळण्याची, म्हणजे उडीद घालून दळलेल्या पिठाची भाकरी मिळते. काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी मिळाली तर सोडू नका पण दुपारी तीनला ट्रायल रन असेल तर नक्की सोडा. झोप येते, अनुभव आहे. श्रावणात मात्र मटणवाल्यांकडं शुकशुकाट असतो, काही ठिकाणी महिनाभर फक्त व्हेज.

आणि विचारायचं कसं हे शिका. "इथं चांगलं हॉटेल कुठं आहे?" असं विचारलं की समोरचा तुमचं आयडी कार्ड बघतो आणि एसी फॅमिली रेस्टॉरंटचा पत्ता देतो, तिथं परत पनीर. "दादा, तुम्ही कुठं खाता?" असं विचारा. रिसेप्शनवरच्याला नाही, गेटवरच्या सिक्युरिटीला, फोर्कलिफ्टवाल्याला, रिक्षावाल्याला. मग नाव नसलेल्या जागा कळतात, "त्या टपरीच्या मागं, निळं पत्र्याचं शेड" असले पत्ते. तिथं एकटं गेलात तर चौघांच्या टेबलावर बसवतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका, मला तर अर्ध्या टिप्स अशाच शेजारच्यांनी दिल्यात.

संध्याकाळ. बिअरवाल्यांनी आधी पाट्यांचा अर्थ समजून घ्या. बिअर शॉपी म्हणजे विकत घ्यायची आणि निघायचं, तिथं बसून प्यायला परवानगी नसते. परमिट रूम म्हणजे बसून प्यायची जागा, जेवण बहुतेक बरं असतं आणि चकणा तर उत्तमच. वाइन शॉपमध्ये वाइन सोडून सगळं खपतं, म्हणजे वायनरींच्या शहरातसुद्धा तेच. आणि मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथं बिअर तिथंच बनवून नळातून देतात. आपल्याकडं हे खूळ २००९ ला पुण्यात डुलाली नावाच्या ब्रुअरीपासून सुरू झालं, त्यामुळं पुण्यामुंबईचे लोक नाशिकला येऊन आधी ब्रुअरी शोधत बसतात. टॅपची बिअर कुठं मिळाली तर चांगलंच, पण बाहेरच्या बोर्डवर जाऊ नका, फोन करून विचारा की आज टॅपवर काय काय आहे आणि ती कुठं बनवलेली आहे. "इथंच बनवतो" असं उत्तर आलं तर जा. गेल्यावर पाइंट मागवायची घाई नको, छोटे सॅम्पल ग्लास मागा, देतात. हेफेवायझन म्हणजे गव्हाची बिअर, तिला केळं आणि लवंगेसारखा वास येतो, लोकांना वाटतं इसेन्स घातलाय, पण तो यीस्टमधून येतो. विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल असते. मिसळ-मटणाच्या तिखटावर ह्या दोन्ही चालतात. आयपीए नावाची बिअर कडू, तिखटाबरोबर घेतली तर तोंडात आग आणि कडूपणा दोन्ही वाढतात. ताजी बिअर टिकत नाही म्हणून रूमवर बाटली भरून नेऊन उद्या पिऊ असलं काही करू नका.

पण खरं सांगू का, नाशिकला येऊन फक्त बिअर म्हणजे कोल्हापूरला जाऊन फक्त इडली. इथं वाइन प्या. सुला १९९९ ला सुरू झालं, २००५ पासून त्यांची टेस्टिंग रूम आहे, आणि गंगापूर धरणाच्या बाजूला ते, यॉर्क, सोमा असं सगळं एकाच पट्ट्यात आहे, सातपूरवरून तर जवळच. वीकडेच्या संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पोचलात तर उन्हं उतरत असतात, द्राक्षाच्या रांगा दिसतात आणि गर्दी नसते, कामाने आलेल्या माणसाला मिळालेला हा एकमेव फायदा आहे, पर्यटक बिचारे शनिवारी येतात. एकटी बाई म्हणूनही मला परमिट रूमपेक्षा वायनरी सोपी जाते, कोणी "एकट्याच का मॅडम" म्हणून बघत बसत नाही. टेस्टिंग घ्या, पूर्ण बाटली नको. आधी व्हाइट, मग रोझे, मग रेड, गोड वाइन शेवटी, उलटं केलं तर व्हाइट आणि रोझे पाण्यासारख्या लागतात. शनॅ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ, दोन्ही व्हाइटच, थंडगार आणि बरोबर काहीतरी तळलेलं, बास. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीचा हंगाम, तेव्हा वायनरीची टूर घेतली तर टाक्यांच्या बाजूला आंबल्याचा वास येतो आणि काय चाललंय ते खरंच कळतं. जानेवारीत जॅकेट न्या, रात्री कडाक्याची थंडी असते.

आता माझी फजिती. एका वायनरीवर गेले, जाताना कॅब पटकन मिळाली म्हणून परतीचा विचारच केला नाही. साडेनऊला ॲप उघडलं तर एक गाडी, ती पण कॅन्सल, परत एक, परत कॅन्सल. शेवटी अंधाऱ्या रस्त्याने मोबाइलचा टॉर्च लावून पाऊण तास चालले, मागं तीन कुत्री, खांद्याला लॅपटॉपची बॅग कारण ती रूमवर ठेवायला वेळ नव्हता. तेव्हा जाताना जो रिक्षावाला किंवा कॅबवाला असेल त्यालाच परतीचं ठरवा, नंबर घ्या, थांबायचे पैसे द्या. स्वतःची गाडी असेल तर पिऊ नका, रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमची मर्यादा आहे, त्याच्या वर सापडलात तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि कंपनीची गाडी असेल तर एचआर वेगळं.

दारू न पिणाऱ्यांनीही संध्याकाळ फुकट घालवू नका, गोदाघाटावर जा, भेळभत्ता खा, कच्ची मिरची बरोबर चावायची.

ड्राय डे आधी बघून ठेवा, २ ऑक्टोबर तर आहेच, पण निवडणूक असली की मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद असतं, आणि ते आपल्या गावच्या निवडणुकीवर नाही, तिथल्या निवडणुकीवर असतं. दारू प्यायचं परमिट मागितलं तर घाबरू नका, एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत होतो. बिल मात्र सुरुवातीलाच सांगून खाण्याचं वेगळं आणि पिण्याचं वेगळं घ्या, जेवणावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट असतो त्यामुळं त्यांनाही ते काही जड नसतं. मी एकदा एकत्र बिल अकाउंट्सला पाठवलं आणि त्यातल्या एका ग्लासासाठी माझं अख्खं जेवण नामंजूर झालं. मिसळीच्या ठिकाणी छापील बिल मागाल तर कागदाच्या चिठोऱ्यावर पेनाने लिहून देतील, त्याचा फोटो काढा आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडा, आमच्याकडं चालतं.

निघताना कोंडाजीचा चिवडा घ्या. ऑफिससाठी एक पुडा आणि स्वतःसाठी एक, आणि स्वतःचा बॅगेत वरच ठेवा, कारण माझा आजवर एकदाही सिन्नरच्या पुढं न फुटता गेलेला नाही.