टेस्टोस्टेरॉन जेल की पॅच : निवड कशी करावी?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी असल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी इंजेक्शनऐवजी त्वचेवर लावायचं औषध सुचवलं, की बहुतेक जण आधी किंमत विचारतात. किंमत बघायलाच हवी. पण माझ्या मते त्याआधी एक गोष्ट बघावी : घरात तुमच्या अंगाला कोण कोण बिलगतं.

१. निदान पक्कं करून घ्या

एका रिपोर्टवर औषध सुरू करू नका. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दिवस उतरेल तसं घटतं. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालची पातळी कमी धरते. नुसता आकडा मात्र पुरत नाही. कामेच्छा कमी होणं, सतत थकवा अशी लक्षणंही हवीत. दोष वृषणात आहे की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत, हे एलएच आणि एफएसएच या पिट्युटरीच्या हार्मोनांच्या चाचण्यांवरून कळतं.

मूल हवं असेल तर डॉक्टरांना आत्ताच स्पष्ट सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरीकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो आणि शुक्राणू घटतात, कधी कधी शून्यावर येतात. जेल वरून लावायचं असलं तरी हे टळत नाही. अशा जोडप्यांसाठी उपचाराची वाट वेगळी असते. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग, आधीच घट्ट असलेलं रक्त, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, यांतलं काही असेल तर तेही लपवू नका.

२. घराकडे बघा

भारतात सहज मिळतं ते 1 टक्क्याचं जेल. 5 ग्रॅमच्या एका पाकिटात 50 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्यातलं साधारण दहा टक्केच रक्तात उतरतं. उरलेलं बराच वेळ त्वचेवर राहतं, आणि खरी काळजी त्याचीच. ते जेल लहान मुलाच्या अंगाला वारंवार लागलं तर वयाआधी जघनकेस येणं, जननेंद्रिय वाढणं, हाडांची वाढ वेळेआधी पुढे सरकणं असे परिणाम दिसू शकतात. अशा घटना नोंदल्या गेल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) 2009 मध्ये जेलच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गरोदर स्त्रीने तर या जेलला हातही लावू नये.

आपल्याकडे नातवंडं आजोबांच्या उघड्या खांद्यावर झोपतात, उन्हाळ्यात पुरुष घरात बनियनवर असतात. ही सवय बदलणं जमणार नसेल, तर जेल घेऊ नका. इंजेक्शन किंवा पॅचबद्दल विचारा.

३. त्वचेकडे बघा

पॅच रोज रात्री पाठ, पोट, दंड किंवा मांडीवर चिकटवायचा, दुसऱ्या रात्री बदलायचा. औषध पॅचखाली झाकलेलं राहतं, त्यामुळे दुसऱ्याला लागण्याची भीती बरीच कमी. तोटा म्हणजे खाज, लाली, कधी फोडही. त्याच जागी पुन्हा लावण्याआधी सात दिवस जाऊ द्यावेत. घाम फार येत असेल तर पॅच सुटतो, हे आपल्या दमट किनारपट्टीवर ध्यानात ठेवा. काही पॅचच्या पाठीला अॅल्युमिनियम असतं. एमआरआयच्या आधी तो काढा.

नाकात लावायचं जेलही अमेरिकेत 2014 पासून आहे. त्वचेवरून दुसऱ्याला लागण्याची चिंता त्यात जवळजवळ नाही, पण दिवसातून तीनदा घ्यावं लागतं. सर्दी-सायनसवाल्यांनी त्या वाटेला न गेलेलं बरं.

४. जेल ठरलं तर

आधी आंघोळ, मग अंग पूर्ण कोरडं करून खांदे, दंड किंवा पोटावर जेल लावा. नेमकी जागा वेष्टनातल्या पत्रकात बघा. जननेंद्रियावर लावू नका. हात लगेच साबणाने धुवा. जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून ते सुकेपर्यंत निरांजन लावणं, गॅस पेटवणं, सिगारेट, सगळं टाळा. सुकल्यावर सुती शर्ट घाला. 1 टक्क्याच्या जेलनंतर पाच तास पोहणं किंवा पुन्हा आंघोळ नको. कोणाशी त्वचेला त्वचा लागणार असेल तर आधी ती जागा साबणाने धुवा. तो शर्ट घरातल्या इतरांनी घालू नये.

५. तपासण्या चुकवू नका

लावल्यानंतर किती तासांनी रक्त द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. जेलसाठी साधारण दोन ते आठ तास धरतात. ज्या हातावर जेल लावलंय त्या हातातून रक्त देऊ नका, आकडा खोटाच वर जाऊ शकतो. सोबत हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) बघतात. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवावं लागतं.

हृदयाबद्दल विचाराल तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या पुरुषांना 1.62 टक्क्यांचं जेल दिलं होतं. झटका, पक्षाघात यांचं प्रमाण औषध नसलेल्या नकली जेलच्या तुलनेत वाढलं नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे जास्त आढळलं. धाप लागली, एक पाय सुजला, छाती धडधडू लागली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

नीट लावूनही पातळी वर येत नसेल तर स्वतःच दोन पाकिटं लावू नका. काहींची त्वचा औषध कमी शोषते. अशा वेळी मात्रा वाढवायची की प्रकार बदलायचा, हे रिपोर्ट बघून डॉक्टरांना ठरवू द्या.