थंडीत जुनी डिझेल गाडी सुरू होत नाही? ग्लो प्लग बदलण्याआधी मोजून बघा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. जुन्या प्री-चेंबरच्या, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या, इंजिनांत हवा २० ते २२ पट दाबली जाते, पण गारठलेल्या सकाळी त्यातली बरीच उष्णता थंड धातूच शोषून घेतो. ही तूट ग्लो प्लग, म्हणजेच हीटर प्लग, भरून काढतो. सेल्फ मारण्याआधी त्याचं टोक ८०० अंशांच्याही वर तापतं.

म्हणून गाडी अडली की सगळा संशय त्याच्यावर जातो आणि बरेच जण थेट नवा संच आणतात. तसं करू नका. खालच्या तपासण्यांना मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि एक मदतनीस पुरतो.

१. आधी धूर बघा

रात्रभर थंड झालेल्या इंजिनाला सेल्फ मारा आणि कोणाला तरी मागे उभं करा. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचतंय, फक्त पेटत नाहीये. ग्लो प्लगवर संशय घ्यायला हे पुरेसं कारण आहे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाहीये: लाइनने एअर धरली (नळीत हवा शिरली) असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा पंपावरचा सोलेनॉइड, म्हणजे डिझेल सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, उघडत नसेल. तिथे प्लग बदलून काहीही होणार नाही.

गाडी सुरू होते, पण पहिलं अर्धं मिनिट लंगडत, थरथरत चालते आणि मग सुधारते, अशी तक्रार असेल तर बहुधा एखाद-दुसरा प्लग गेलाय. गरम इंजिनही सुरू व्हायला कुरकुरत असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

२. बॅटरी

उभ्या गाडीत चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिच्या तारा आणि अर्थिंग दुरुस्त करा. इंजिन मंद फिरलं की दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, मग प्लग कितीही चांगले असोत.

३. करंट प्लगपर्यंत येतो का?

डॅशबोर्डवरचा गुंडाळीच्या चिन्हाचा दिवा बऱ्याच जुन्या गाड्यांत फक्त टायमरचं ऐकतो. चारही प्लग जळले असले तरी तो नेहमीसारखा लागतो आणि विझतो. त्याच्यावर विसंबू नका.

प्लगांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर मीटरची लाल तार आणि इंजिनाच्या उघड्या धातूवर काळी तार धरा. मदतनीसाला चावी फिरवायला सांगा. बॅटरीच्या तुलनेत साधारण एक व्होल्ट कमी दिसला तर ठीक. हे थंड इंजिनावरच करा. गरम इंजिनावर काही रिले (प्लगांचा करंट चालू-बंद करणारे विजेवरचे स्विच) प्लगांना करंट देतच नाहीत.

काहीच आलं नाही तर मोठा पट्टी-फ्यूज तपासा. चार प्लग मिळून ५० अँपिअरच्या आसपास, सुरुवातीला त्याहूनही जास्त करंट ओढतात. त्या फ्यूजला केसासारखी चीर गेली तरी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मीटरनेच बघा. फ्यूज ठीक असेल तर रिलेकडे वळा. आत येणाऱ्या जाड तारेत करंट आहे, चावी फिरवूनही बाहेर जाणारीत नाही, तर रिले किंवा त्याला येणारा सिग्नल बिघडलाय. आकडा ८-९ वर अडकला असेल तर रिलेचे जळके पॉइंट, सैल नट किंवा गंजलेली तार शोधा.

४. एकेक प्लग

पट्टी काढल्याशिवाय मोजू नका. ती असताना सगळे प्लग एकमेकांना जोडलेले असतात आणि मेलेला प्लगही जिवंत भासतो.

आधी मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध बघा, तो नंतर वजा करायचा. चांगल्या प्लगाचा रोध बहुधा ०.५ ते १.५ ओहम भरतो. मीटर सर्किट तुटलेलं दाखवत असेल तर प्लग संपला. स्वस्त मीटर इतक्या कमी रोधाला गडबडतो, म्हणून दुसरी खात्री करा: टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या प्लसला, टोक प्लगाच्या शेंड्याला. दिवा लागला तर आतली गुंडाळी शाबूत आहे. मात्र अशक्त झालेला प्लगही दिवा लावतो. डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) मिळाला तर तो वापरा, माझा सर्वाधिक विश्वास त्यावरच आहे. बाकीच्यांपेक्षा खूप कमी करंट ओढणारा प्लग लगेच उघडा पडतो.

प्लगाला बॅटरी थेट जोडून बघायची असेल तर त्यावर कोरलेले व्होल्ट आधी वाचा. काही प्लग १२ पेक्षा बरेच कमी व्होल्टचे असतात आणि क्षणात जळतात.

५. काढताना घाई नको

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. प्लग तुटून हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) अडकला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते. आदल्या संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा. दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून, भोवतीची माती हवेने उडवून, लांब सॉकेटने हळू सोडवा. अडला तर पाव फेरा मागे, पुन्हा पुढे. लांब दांडी लावून जोर करू नका. हलतच नसेल तर थांबा आणि हे काम नेहमी करणाऱ्याकडे गाडी न्या.

निघालेल्या प्लगांची टोकं नीट बघा. फुगलेलं टोक म्हणजे बहुधा रिले वेळेवर बंद होत नाहीये. वितळलेलं टोक इंजेक्टर ठिबकत असल्याचं किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) चुकल्याचं सांगतं. मूळ दोष राहिला तर नवे प्लगही जळतील.

नवे बसवताना आधी हाताने आटे धरवा, मग टॉर्क पान्हा. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगाला बहुधा १५ ते २० न्यूटन-मीटर पुरतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. वरचा छोटा नट अगदी हलका आवळा. एक गेला असेल तरी संच बदला, कारण बाकीचेही तेवढेच जुने असतात.

ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. तो तापलेल्या टोकावर अवेळी भडकतो आणि पिस्टन फोडू शकतो.

प्लग बाहेर असतानाच त्याच भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजून घ्या. गेज डिझेलचाच हवा, पेट्रोलचा इतका दाब झेलत नाही. मोजताना पंपावरच्या सोलेनॉइडची तार काढून ठेवा. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा फार खाली असेल, तर खर्च प्लगांवर करायचा की इंजिनावर, हे नवा संच घेण्याआधीच ठरवता येतं.